फ्रँक शुमन: नाईल नदीच्या काठी उन्हावर इंजिन चालवणारा माणूस

सोलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळे-काळे पॅनेल येतात. ऊन पडलं की वीज, विषय संपला. पण उन्हाकडून काम करून घ्यायची आणखी एक पद्धत आहे आणि ती पॅनेलपेक्षा खूप जुनी आहे. उन्हाने पाणी तापवायचं, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर इंजिन नाहीतर टर्बाइन फिरवायचं. याला म्हणतात सोलर थर्मल. गच्चीवरचा सोलर बंब हे याच घराण्यातलं धाकटं भावंड. तो पहिल्या पायरीवर थांबतो, पाणी तापवतो आणि गप्प बसतो.

या घराण्याचा सगळ्यात जिद्दी माणूस म्हणजे फ्रँक शुमन. १९१३ साली, म्हणजे आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा पहिला सिनेमा लागला त्याच वर्षी, या माणसाने इजिप्तमध्ये उन्हावर चालणारा पाण्याचा पंप उभा केला होता. लहानसं मॉडेल नाही. मिनिटाला सुमारे २२ हजार लिटर पाणी ओढणारा खराखुरा पंप! आपल्याकडे दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे दोन टँकर दर मिनिटाला. पुढच्या सहा वर्षांत ते यंत्र भंगारात गेलं, कंपनी संपली आणि शुमनही गेला. का, ते बघायचं तर त्याची गोष्ट पहिल्यापासून बघायला हवी.

काचेतून आलेला पैसा

शुमनचा जन्म २३ जानेवारी १८६२चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. शाळा फारशी झालेली नव्हती. कॉलेज, डिग्री वगैरे तर लांबच. रसायनशास्त्र तो स्वतः वाचून आणि हाताने करून शिकला आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीत केमिस्ट म्हणून नोकरीला लागला. (चार वर्षं इंजिनिअरिंग करून ईथर किती अंशांना उकळतं हे मला गुगल करावं लागलं. असो.)

१८९१च्या सुमारास तो फिलाडेल्फिया शहराच्या टॅकोनी नावाच्या भागात आला. तिथे त्याच्या काकांचा लोखंड आणि धातूकामाचा मोठा कारखाना होता. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलच्या टोकावर विल्यम पेनचा जो अकरा मीटर उंच पुतळा आहे, तो याच कारखान्यात ओतला गेला. शुमनने पुढचं सगळं आयुष्य याच टॅकोनीत काढलं. घराच्या आवारातच प्रयोगशाळा, घराच्या आवारातच वर्कशॉप.

त्याचं नाव झालं ते काचेमुळे. त्या काळात कारखान्यांच्या आणि रेल्वे स्टेशनांच्या छतांना मोठमोठ्या काचा लावायची पद्धत होती. काच फुटली की खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर सुऱ्यांचा पाऊस. शुमनने गरम मऊ काचेत लोखंडी तारेची जाळी दाबून बसवायची रीत शोधली. काच तडकली तरी तुकडे जाळीला धरून राहतात, आणि आग लागली तरी ती लगेच ढासळत नाही. १८९२ साली त्याला या रीतीचं पेटंट मिळालं. जुन्या सरकारी इमारतींच्या दारांत, जिन्याजवळच्या खिडक्यांत आत जाळी असलेली काच तुम्ही नक्की पाहिली असेल. तीच ही.

या काचेने त्याला पैसा दिला आणि पैशाने मोकळा वेळ. पुढे त्याने बांधकामासाठी काँक्रीटचे पाइल जमिनीत बसवायची पद्धत काढली, दोन काचांमध्ये सेल्युलॉईडचा थर घालून केलेल्या सुरक्षित काचेच्या धंद्यातही उतरला. पण त्याचा जीव अडकला होता तो उन्हात. माझ्या मते काचेवर काम केलेल्या माणसाला हे सुचणं साहजिकच होतं. काचेने झाकलेली खोली उन्हात किती तापते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

ईथरवर चालणारं खेळणं

उन्हाचं इंजिन ही शुमनची मूळ कल्पना नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. फ्रान्समध्ये ऑगस्टिन मूशो या गणिताच्या शिक्षकाने १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात मोठ्या आरशाने वाफ करून, त्यावर यंत्र चालवून चक्क बर्फ तयार केला होता. त्याच सुमारास आपल्या मुंबईत विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज सरकारी नोकर कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात अर्धगोलात ७२ साधे सपाट आरसे लावून एका बॉयलरवर ऊन पाडत होता. त्याने त्यावर अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवून लोकांना दाखवलं आणि १८७८ साली त्यावर पुस्तकही छापलं. कुलाब्यात! गेटवे ऑफ इंडियाचा पत्ताही नव्हता तेव्हा. मग १९०० नंतर ऑब्री एनियास नावाच्या उद्योजकाने अमेरिकेत छत्रीसारखे भलेमोठे आरसे उभे करून इंजिनं विकायचा प्रयत्न केला. वादळवाऱ्यात आरसे मोडले आणि धंदाही मोडला.

या सगळ्यांची गोची एकच होती. मोठा आरसा महाग, तो सूर्यामागे फिरवायची यंत्रणा महाग आणि वारा कोणाचाच नातेवाईक नाही.

शुमनने उलटा विचार केला. तापमान फार वाढवायचंच कशाला? पाणी १०० अंशांना उकळतं, पण ईथर जेमतेम ३५ अंशांना उकळतं. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात सावलीतसुद्धा ते उकळेल. मग आरसे नकोतच. त्याने लाकडाची चपटी पेटी घेतली, वर काच लावली, आत काळ्या नळ्या घातल्या आणि नळ्यांत ईथर भरलं. ऊन काचेतून आत येतं, काळ्या पृष्ठभागाला तापवतं, पण आतली उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही. गाडी उन्हात बंद करून ठेवली की आत जे होतं तेच. गच्चीवरच्या चपट्या सोलर बंबाचं तत्त्वही हेच.

१८९७च्या सुमारास त्याने या पेटीवर खेळण्यातलं वाफेचं इंजिन चालवलं. ते टॅकोनीत बराच काळ लोकांना बघायला ठेवलेलं होतं. मग १९०७ साली त्याने तीच पेटी हजार चौरस फुटांच्या वर वाढवली आणि त्यावर साडेतीन हॉर्सपॉवरचं इंजिन चालवून दाखवलं. लोक बघायला आले, पेपरात छापून आलं. १९०८ साली त्याने सन पॉवर कंपनी काढली.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उष्णतेवर चालणारं कुठलंही इंजिन गरम बाजूकडून उष्णता घेतं आणि थंड बाजूला टाकतं. या दोन बाजूंच्या तापमानात जेवढा फरक जास्त, तेवढा उष्णतेचा मोठा हिस्सा कामात उतरू शकतो. १०० अंशांची वाफ आणि ४० अंशांचं थंड पाणी असं धरलं, तर अगदी आदर्श इंजिनसुद्धा १६ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. खरं इंजिन त्याच्या निम्म्यावरही कसंबसं. मग गरम बाजू आणखी गरम करा ना! करता येते, पण जितकं जास्त तापवाल तितकी उष्णता बाहेर निसटते. शिवाय आरसे लागतात, ते फिरवावे लागतात, खर्च वाढतो. शुमनची सगळी कारकीर्द या ओढाताणीत गेली. एका बाजूला स्वस्त आणि कमी कार्यक्षम पेटी, दुसऱ्या बाजूला महाग आणि कार्यक्षम आरसा. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑप्टिमायझेशन प्रॉब्लेम, आणि त्यात उद्दिष्ट कार्यक्षमता नव्हतंच. एका हॉर्सपॉवरला किती पैसे, हे उद्दिष्ट होतं. शुमनला ते बाकीच्यांपेक्षा आधी कळलं, हीच त्याची खरी हुशारी.

टॅकोनीची २६ रांगांची बाग

ईथरवर मोठं इंजिन चालणार नाही हे लवकरच दिसलं. त्याच्या वाफेत दम कमी आणि ते पेट घेतं ते वेगळंच. शुमन पाण्याकडे वळला. पण पाण्याची वाफ साध्या पेटीत भरपूर होईना. म्हणून त्याने थोडी तडजोड केली. पेटीच्या दोन बाजूंना साधे सपाट आरसे तिरके लावले, म्हणजे पेटीवर दुप्पट ऊन पडेल. काच दुहेरी केली. १९११ साली टॅकोनीत अशा पेट्यांच्या २६ रांगा उभ्या राहिल्या. ऊन झेलणारं क्षेत्रफळ दहा हजार चौरस फुटांच्या वर.

वाफ मात्र दमदार नव्हती. दाब हवेच्या दाबाएवढाच. नेहमीच्या वाफेच्या इंजिनाने असल्या वाफेकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. शुमनने मग इंजिनच बदललं. कमी दाबाच्या वाफेवर चालणारं, मोठ्या सिलिंडरचं खास इंजिन बनवून घेतलं. वाफ पुढच्या बाजूला थंड करून तिथे जवळजवळ निर्वात पोकळी करायची, म्हणजे हवेच्या दाबाची वाफसुद्धा पिस्टन ओढून नेते. या इंजिनाने पंचवीस हॉर्सपॉवरचा आकडा ओलांडला आणि पाणी उपसून दाखवलं. फिलाडेल्फियात! जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं.

मला हा टप्पा सगळ्यात आवडतो. हार्डवेअरचा एक भाग साथ देत नसेल तर बहुतेक लोक त्यालाच ठोकत बसतात. याने दुसरा भाग त्याच्या कुवतीप्रमाणे बदलला.

इजिप्तच का?

अमेरिकेत कोळसा स्वस्त होता, त्यामुळे तिथे कोणी उन्हासाठी पैसे टाकणार नव्हतं. शुमनला हवी होती अशी जागा जिथे ऊन भरपूर, कोळसा महाग आणि पाणी उपसायची गरज मोठी. इजिप्तमध्ये तिन्ही होतं. तिथे कोळशाच्या खाणी नाहीत. कोळसा ब्रिटनहून जहाजाने यायचा आणि पोचेपर्यंत त्याची किंमत फार चढलेली असायची. पाऊस जवळजवळ नाहीच, सगळी शेती नाईलच्या पाण्यावर. आणि ब्रिटिशांना तिथून कापूस हवा होता, लँकेशायरच्या गिरण्यांसाठी. तसा तो त्यांना आपल्या वऱ्हाड-खानदेशातूनही हवाच असायचा.

म्हणजे हे स्वच्छ ऊर्जेचं गोड स्वप्न वगैरे नव्हतं, हे लक्षात ठेवूया. पैसा ब्रिटिश गुंतवणूकदारांचा, जमीन इजिप्तची, कापूस साम्राज्याचा. शुमनला पर्यावरणाची काळजी होती का? आजच्या अर्थाने नाही. त्याला भीती होती ती कोळसा एक दिवस संपेल याची. आणि उन्हावर इंजिन चालवून नफा होऊ शकतो यावर त्याचा विश्वास होता. १९११ साली लंडनमध्ये पूर्व गोलार्धासाठी त्याची वेगळी कंपनी निघाली.

गुंतवणूकदार आले की सल्लागार येतात, हा नियम तेव्हाही होता. ॲकरमन नावाचा ब्रिटिश इंजिनिअर टॅकोनीचं यंत्र तपासायला आला. त्याने चार्ल्स व्हर्नन बॉइज या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाला सोबत घेतलं. बॉइजने सगळं पाहिलं आणि डिझाइनच बदलायला सांगितलं. सपाट पेट्या काढा आणि पन्हळ करा, म्हणाला.

पन्हळीसारखा आरसा

पावसाचं पाणी वाहून न्यायला कौलाच्या कडेला पत्र्याची पन्हळ असते ना, तसा लांबलचक वाकवलेला आरसा डोळ्यांसमोर आणा. तो साधा अर्धगोल नसतो, पॅराबोला असतो. तुमच्या डीटीएचच्या छत्रीचा आकारही पॅराबोलाच. छत्री सगळे सिग्नल एका बिंदूवर गोळा करते, पन्हळ सगळं ऊन एका रेषेवर गोळा करते. त्या रेषेवर काळी नळी ठेवायची, नळीवर काच घालायची, नळीतून पाणी सोडायचं. पेटीत नळीला ऊन फक्त वरून मिळत होतं. इथे खालून आणि बाजूंनीही मिळतं. आणि छत्रीपेक्षा पन्हळ सोपी, कारण ती दोन दिशांना नाही तर एकाच आसाभोवती फिरवावी लागते. पन्हळ उत्तर-दक्षिण मांडायची, सकाळी तिचं तोंड पूर्वेकडे, दुपारी वर, संध्याकाळी पश्चिमेकडे. आजचे बहुतेक असे प्रकल्पही असेच मांडलेले असतात.

ज्याने आयुष्यभर आरशांचा खर्च टाळायचा प्रयत्न केला, त्याच्या गळी ही पन्हळ उतरवणं सोपं नव्हतं. पण त्याने ती स्वीकारली. पुढे या बॉयलरचं पेटंट शुमन आणि बॉइज या दोघांच्या नावावर झालं.

कैरोच्या दक्षिणेला, नाईलच्या काठी, माआदी नावाचं गाव आहे. (इंग्रजीत स्पेलिंग वेगवेगळी सापडतात, शोधताना लक्षात ठेवा.) तिथे १९१२ साली पाच पन्हळी उभ्या राहिल्या. प्रत्येक ६२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. एकमेकींची सावली पडू नये म्हणून मध्ये मोकळी जागा. पन्हळी सूर्यामागे आपोआप फिरतील अशी यंत्रणा बसवलेली. कमी दाबाचं इंजिन अमेरिकेतून जहाजाने आलं.

पहिली चाचणी फसली. नळ्या जस्ताच्या होत्या आणि जस्त फार लवकर मऊ पडतं. उन्हाने त्या नळ्या अक्षरशः लोंबायला लागल्या. एका अर्थाने हे यशच होतं म्हणा, अंदाजापेक्षा जास्त तापलं! पण पाहुण्यांना ते कसं सांगणार? नळ्या काढल्या, बिडाच्या बसवल्या आणि पुढच्या वर्षाची वाट पाहिली.

जुलै १९१३. इजिप्तमधले ब्रिटिश अधिकारी, मोठी माणसं माआदीला जमली. बघायला येणाऱ्यांत सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे लॉर्ड किचनर, म्हणजे इजिप्तचा कारभार प्रत्यक्षात ज्याच्या हातात होता तो. याआधी १९०२ ते १९०९ तो भारतातल्या ब्रिटिश फौजांचा सरसेनापती होता. पन्हळी वळल्या, वाफ झाली, इंजिन सुरू झालं आणि नाईलचं पाणी धो धो वर आलं.

आता थोडा हिशोब करू. पाच पन्हळींचं क्षेत्रफळ सुमारे १२३३ चौरस मीटर. भर दुपारी चौरस मीटरला ९०० वॅट ऊन धरलं तर एकूण झालं सुमारे ११०० किलोवॅट. इंजिनाने दिले पन्नास हॉर्सपॉवरच्या थोडे पुढे, म्हणजे ४० किलोवॅटच्या आसपास. म्हणजे उन्हातलं चार टक्क्यांच्या आसपासच कामाला आलं. आजचं साधं सोलर पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास देतं. पण हसू नका. ऊन फुकट होतं. शुमनला चार टक्के पुरत होते, कारण त्याची तुलना पॅनेलशी नव्हती, ब्रिटनहून जहाजाने येणाऱ्या कोळशाशी होती. उभारणीचा खर्च कोळशाच्या यंत्रापेक्षा जास्त, पण तो काही वर्षांत वसूल होईल आणि नंतर इंधनाचं बिल शून्य. आज सोलर विकणारा माणूस घरी येतो तेव्हा हेच गणित मांडतो की नाही बघा.

रात्रीचं काय, हा प्रश्नही त्याने सोडलेला नव्हता. जास्तीचं गरम पाणी नीट झाकलेल्या मोठ्या टाकीत साठवायचं आणि अंधार पडल्यावर त्याच्यावर इंजिन चालवायचं, असा त्याचा बेत होता. आज सोलर थर्मल प्रकल्पांत वितळलेले क्षार टाकीत साठवून रात्री वीज करतात. पदार्थ बदलला, कल्पना तीच.

सहारा विकत घ्यायचा बेत

माआदीने शुमन एकदम मोठा माणूस झाला. किचनरने सुदानमध्ये तीस हजार एकरांचा कापसाचा मळा देऊ केला, तिथे हाच पंप लावायचा. जर्मनीच्या संसदेने आपल्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, असा प्रकल्प करायला पैसे मंजूर केले. ब्रिटन आणि जर्मनी दोघेही एकाच माणसाच्या दारात!

आणि शुमनने आकडा काढला. सहारा वाळवंटात २०,२५० चौरस मैलांवर असे आरसे मांडले तर २७ कोटी हॉर्सपॉवर कायमचे मिळत राहतील, म्हणजे १९०९ साली जगभर खणून काढलेल्या सगळ्या इंधनाच्या बरोबरीने. आपल्या मापात हे क्षेत्रफळ म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा. आणि २७ कोटी हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे २०० गिगावॅट. आज एकट्या भारतात बसवलेली वीजनिर्मितीची क्षमता याच्या दुपटीहून जास्त आहे, यावरून तेव्हाचं जग केवढं लहान होतं ते कळतं.

मग महायुद्ध आलं

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन युद्धात उतरलं. माआदीचे इंजिनिअर आपापल्या देशांत परतले, शुमनही अमेरिकेत आला. पन्हळींचं लोखंड युद्धाच्या कामासाठी उचललं गेलं. १९१५ मध्ये जर्मनीची आफ्रिकेतली ती वसाहत दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी घेतली, म्हणजे तोही प्रकल्प गेला. आणि किचनर? तो ५ ऑगस्ट १९१४ला ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. बोट रोखून सैन्यात भरती व्हा म्हणणारा तो मिशीवाला चेहरा तुम्ही कुठल्यातरी मीममध्ये पाहिला असेल, तो हाच. सुदानचा कापूस आणि उन्हाचे पंप आता त्याच्या यादीत कुठेच नव्हते. १९१६ साली त्याची युद्धनौका बुडाली आणि तोही गेला.

इंटरनेटवर ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते. महायुद्धाने सौरऊर्जेचा घात केला, नाहीतर आज जग वेगळं असतं. मला हे थोडं सोपं वाटतं. युद्धाने माआदी संपवलं हे खरंच. पण युद्धाच्या आधीच दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. १९१४च्या उन्हाळ्यात, युद्ध सुरू व्हायच्या काही आठवडे आधी, ब्रिटिश सरकारने इराणमध्ये तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला, कारण नौदल कोळशावरून तेलावर चाललं होतं. शुमनचं सगळं गणित महाग कोळशावर उभं होतं. तेल आलं, ते नेणं-आणणं सोपं, तेलाचं इंजिन आटोपशीर, एका माणसाला हलवता येईल असं. त्याला ना ६२ मीटरच्या पन्हळी लागत, ना आरसे पुसायला माणसं. १९१८ साली युद्ध नसतं आणि माआदीचे पंप चालू असते, तरी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांना तेलाशी झगडावं लागलं असतं. जिंकले असते? सुदानसारख्या आतल्या मुलखात कदाचित हो. बंदरांजवळ मला तरी शंका आहे.

आणि दुसरी गोष्ट. हा प्रकल्प चालवणारे गिऱ्हाईक दोनच, दोन साम्राज्यं. ज्या शेतकऱ्यांच्या शेतात हे पाणी जाणार होतं, ते तो विकत घेऊ शकत नव्हते आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी एकाच महिन्यात एकमेकांवर तोफा डागल्या की कुठलाही स्टार्टअप बुडेल.

शुमन मात्र थांबला नाही. टॅकोनीला परत आल्यावरही तो उन्हाबद्दल लिहीत-बोलत राहिला. १९१७ साली बॉइजबरोबरच्या त्या बॉयलरचं पेटंट त्याच्या हातात पडलं. तोवर पेटंटमधलं यंत्र जगात कुठेच उरलेलं नव्हतं. २८ एप्रिल १९१८ला तो टॅकोनीतच वारला. वय ५६. युद्ध संपायला अजून सहा महिने होते.

पन्हळ परत आली

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं पन्हळीला कोणी विचारलं नाही. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा लोकांनी जुनी कागदपत्रं उघडली. १९८४ ते १९९० या काळात कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात पन्हळींचे नऊ प्रकल्प उभे राहिले, मिळून ३५४ मेगावॅटचे. आकार शुमन-बॉइजचाच. फरक एवढा की नळीत पाण्याऐवजी तेल फिरतं आणि ते ३९० अंशांच्या आसपास तापतं. माआदीची पन्हळ ऊन साडेचार पट एकवटत होती, आजच्या पन्हळी सत्तर-ऐंशी पट. मागे सांगितलेला तापमानातल्या फरकाचा नियम आठवा, म्हणजे याने काय साधतं ते कळेल. राजस्थानात नोख इथे २०१३ पासून ५० मेगावॅटचा असाच प्रकल्प आहे.

वीज करण्यात मात्र साध्या पॅनेलने पन्हळीला मागे टाकलंय, कारण पॅनेल भयंकर स्वस्त झाले. सोलर थर्मलची जागा आता जास्त करून तिथे आहे, जिथे वीज नाही तर उष्णताच हवी असते, किंवा रात्रीसाठी ती साठवायची असते. शिर्डीला साई संस्थानाच्या प्रसादालयात २००९ पासून छपरावरच्या आरशांच्या छत्र्यांवर वाफ करून स्वयंपाक होतो. तिथे छत्र्या आहेत, पन्हळी नाहीत. पण आरशाने ऊन गोळा करून वाफ करायची हे काम तेच.

माआदी आज कैरोचं गजबजलेलं उपनगर आहे. तिथून नाईलच्या काठाने दक्षिणेला गेलं की कुरायमात लागतं. २०११ साली तिथे एक वीजप्रकल्प सुरू झाला. एकूण १४० मेगावॅटचा, बहुतेक गॅसवर चालणारा, पण त्यातले २० मेगावॅट उन्हाचे. वाळूत रांगेने मांडलेल्या, सूर्यामागे फिरणाऱ्या पन्हळींचे.